यंदा मोह उशिरा गळला

नागपूरहून येणाऱ्या माणसाला वाटतं की झाडीपट्टीत वसंत पळसावर येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेवढंच केशरी दिसतं, त्यामुळे तसं वाटणारच. पण आमच्या आजोळी, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या तलावाच्या टापूत, ऋतू बदलला की नाही हे मोहाला विचारतात. पानं झडतात, उघड्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे घोस धरतात आणि एका पहाटे रसाळ, फिकट पिवळी फुलं टपटप खाली यायला लागतात. मग थंडी गेली. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा त्यांनी आधीच झाडून ठेवलेला असतो. यंदा जागा झाडून झाली, टोपल्या कोपऱ्यात तयार राहिल्या, आणि मोह काही गळेना. फाल्गुन अर्धा उलटला तरी पहाटे तलावावर धुकं बसत होतं, आणि आजीच्या अंगावरची गोधडी निघत नव्हती.

मी पक्षी पाहायला दूर जात नाही. आजोळच्या घरापासून गावच्या बोडीपर्यंत, म्हणजे छोट्या तळ्यापर्यंत, बोडीच्या पाळीवरून मोहाच्या राईत, आणि तिथून मोठ्या तलावाच्या काठाला, एवढीच माझी वाट. एकच वाट पुन्हा पुन्हा चालली म्हणजे काय आलं यापेक्षा काय अजून आलं नाही हे आधी कळतं. यंदा पावशा बोलत नव्हता. कोकिळ अधूनमधून एखादी हाक देऊन गप्प बसे. तांबटाचा टुक-टुक असा ठेका एरवी शिवरात्रीनंतर दुपारभर चालतो, तो सकाळी ऊन चढल्यावर थोडा वेळ येई आणि थांबे.

पण उशिरा येणाऱ्या वसंतात पाहणाऱ्याला एक मोठा लाभ असतो. सगळीकडे एकदम फुलोरा आला की पक्षी वाटले जातात. यंदा आख्ख्या रानात दोन-तीन काटेसावरींनाच फुलं होती, आणि पळसमैना, साळुंक्या, कोतवाल, हरेवा, शिंजीर अशा सगळ्यांनी त्याच फांद्या धरल्या होत्या. पोपट फुलं कुरतडून खाली टाकत होते, त्या पाकळ्यांत मुंग्या, आणि मुंग्यांवर डोळा ठेवून सातभाई. बोडीच्या अलीकडच्या एका सावरीखाली बसलं तरी राईतलं निम्मं गणगोत भेटत होतं. नवी पालवीही लांबलेली, त्यामुळे आडोसा नाही. राखी धनेशाची जोडी एरवी पानांआड नुसती ओरडताना ऐकू येते. यंदा ती उघड्या फांदीवर अंग शेकत बसलेली मनसोक्त पाहिली.

‘उशीर’ कोणत्या हिशेबानं म्हणायचा, हा प्रश्न मी आजीपुढे टाकला. तिचं वय नव्वदीच्या घरात आहे.

“आजी, मोह कधी इतका लांबला होता का गं?”

“लांबला होता ना बाबू. गारा पडल्या त्या साली.” मग थोडं थांबून, “थंडी जाईन तवा गळन. तुह्या घाईनं थोडाच गळते?”

गारांचं साल म्हणजे २०१४. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर, विदर्भातही, गारपिटीनं पिकं झोपवली. आजीला त्यातलं आठवतं ते दोन गोष्टींत: पिंपळाखाली मरून पडलेले पोपट, आणि ढगाळ हवेनं काळवंडून गेलेला मोह. मोहाला आभाळ सोसत नाही. कळ्या धरल्यावर ढग आले, वीज कडाडली की फूल कमी उतरतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या घराची वर्षाची मीठमिरची मोहफुलांवर निघते, त्या घरात फाल्गुनातलं आभाळ रोज बघितलं जातं.

आजी सनावळी सांगत नाही. तिची वर्षं लग्नांवर, मरणांवर, तलाव फुटण्यावर आणि दुष्काळावर टांगलेली आहेत. सुरुवातीला मला ते ढिसाळ वाटे. पुढे ताडून पाहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की तिची आठवण सणांपेक्षा पक्की आहे, कारण सण सरकतात. २०१८ साली धुळवड २ मार्चला होती, २०२४ साली २५ मार्चला. अधिक महिना येईपर्यंत चांद्रवर्ष दरसाल मागे मागे येतं आणि अधिक महिन्यानं पुन्हा पुढे ढकललं जातं. म्हणून शिमग्याला पळस फुलला नाही एवढ्यावरून वसंत लांबला असं म्हणता येत नाही; कधी शिमगाच लवकर आलेला असतो. आजी हे जाणते. ती मोहाची सांगड सणाशी घालत नाही. ती विचारते, “बोडीतल्या बदका गेल्या का?”

या प्रश्नात फार मोठं निरीक्षण आहे. झाडाचा फुलोरा थंडी, ऊन आणि मातीतला ओलावा यांवर मागेपुढे होतो. उत्तरेकडून आलेल्या पाखरांचं तसं नाही. त्यांना परतीची मुख्य खूण मिळते ती दिवसाच्या लांबीतून, आणि दिवस थंडी असो वा नसो ठरल्याप्रमाणेच मोठा होत जातो. वारा-पाऊस त्यांना चार दिवस अडवेल, पण फार नाही. पट्टकादंब हंसांना तिबेट, लडाख, मंगोलियाच्या उंच सरोवरांवर पोचून घरटी करायची असतात. तिथला उन्हाळा आखूड. म्हणून यंदा मी एक गोष्ट पाहिली जी एरवी दिसत नाही: मोहाचं एकही फूल गळलेलं नव्हतं, रान हिवाळ्यातच होतं, आणि मोठ्या तलावावरचे पट्टकादंब निघून गेले होते. तलवार बदकं, मोठ्या लालसऱ्या रोज थोड्या थोड्या कमी होत होत्या. पाहुणे उठून गेले आणि घरचे अजून जागे झाले नाहीत, असं काही दिवस चाललं. राईत शुकशुकाट, पाण्यावर उरलेले वारकरी आणि अडया. आजीच्या हिशेबात अशा वर्षाला खरा उशीर म्हणतात.

ज्या पाण्यावर हे सगळं चालतं ते पाणी इथं आपोआप आलेलं नाही. कुणीतरी ते अडवलं. लहानपणी रात्री अंगणात आजा जी गोष्ट सांगे ती याच पाण्याची. चांद्याचा गोंड राजा काशीला गेला. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी कसं अडवलंय, शेतं कशी बांधलीयत ते पाहून राजा थक्क झाला, आणि त्यांतली काही घरं त्यानं आपल्या मुलखात आणली. तीच कोहळी. माझ्या आईच्या माहेरची माणसं याच समाजातली, म्हणून आजा ही गोष्ट छाती पुढे काढून सांगे. पुढे कॉलेजात असताना रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथ हातात पडला आणि त्यात कोहळ्यांच्या प्रकरणात हीच कथा छापलेली सापडली. तलाव बांधण्यातलं त्यांचं कसब आणि उसाची शेतीही तिथं नोंदलेली आहे. आमच्या अंगणातली गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कुणा दुसऱ्या अंगणातही सांगितली जात होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

गोंड राजांच्या राज्यात तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. या एका रिवाजानं भंडारा-चांद्याचा सारा मुलूख तलावांनी भरून गेला. दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ टाकून ती बुजवायची, पाण्याच्या वाटेवर एकाखाली एक बोड्या काढायच्या. वरच्या तलावाचं सांडपाणी खालच्यात, त्याचं आणखी खालच्यात. नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. दहा-अकरा चौरस किलोमीटर पसरलेलं पाणी, आणि ते अडवायला जागाच अशी निवडलेली की बहुतेक काम टेकड्यांनीच केलं आहे. कोलू पाटलांचा पुढे देव झाला. पाळीवर कोलासुर म्हणून त्यांची पूजा होते. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींनी बांध घालायला कोलूला हात दिला अशी कथा आहे. मी लहान असताना आजीला विचारलं होतं की मग काम झाल्यावर त्या घरी का गेल्या नाहीत. ती म्हणाली, “पाणी टिकते का नाही, पायत बसल्या.”

मी पाळीवर उभा राहून पट्टकादंब पाहतो तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे असतं. हिमालय ओलांडून येणारा पक्षी इथं उतरतो, कारण तीनशे वर्षांपूर्वी कुणी तरी भातासाठी पाणी अडवलं. बांधाआधी इथं खोरं होतं, ओढा होता. हंसांच्या थव्याला रात्र काढायला तेवढं पुरलं नसतं. आपल्याकडे पक्षिनिरीक्षण म्हणजे माणसानं हात न लावलेल्या निसर्गात जाणं, अशी एक समजूत पक्की बसली आहे. पूर्व विदर्भात ती टिकत नाही. इथली पाणपाखरं शेतकऱ्याच्या कुदळीमागून आलेली आहेत, आणि ती राहतील की जातील हेही त्याच कुदळीवर ठरतं.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावांची आणि तलावांची जुनी जमीनदारी, गेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं, आजाही त्याबद्दल कधी कुरकुरला नाही. त्याचं दुःख निराळं होतं. पूर्वी उन्हाळ्यात तलाव आटला की गावातल्या सगळ्या बंड्या तळाशी उतरत. गाळ काढून शेतात टाकायचा, त्यानं बांधीला खत मिळे आणि तलावाचं पोट मोकळं होई. पाळीवरची भगदाडं बुजवायला घरटी एक माणूस जाई. मालकी बदलल्यावर हे काम कुणाचं ते कुणालाच नीट कळेना. तलाव उथळ होत गेले, काठावर बेशरमाची जाळी माजली. आजा म्हणे, तलाव म्हातारा झाला तर माणसानं त्याला धरून उठवावं लागते.

आजानं बदकं मारली होती. त्या काळी मारत, आणि तो ते लपवत नसे. कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर पाणवनस्पतींचा भारा घेऊन सरकत जायचं, ही त्याच्या ऐन उमेदीतली कला. पण त्या कलेमुळेच कोणती बदक पाण्यात बुडी मारते आणि कोणती नुसतं डोकं खाली घालते, कोणती उडताना पळत सुटते आणि कोणती जागेवरून सरळ वर उठते, हे त्याला अंधारातही सांगता येई. मला पुस्तकातली चित्रं पाहून जे शिकायला दोन हिवाळे लागले ते तो शिट्टीवरून सांगे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, आणि शिकार थांबली. ज्ञान मात्र माणसांत उरलं होतं.

ते ज्ञान कुणीतरी विचारून घेतलं, हे आमच्या टापूचं भाग्य. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले ते सोलापूरचे. इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या माणसांकडून रान आणि पाणी शिकत गेले, आणि ते ऋण त्यांनी लिहून ठेवलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक आमच्या घरात देवघराशेजारच्या फडताळात असे. साहेब माणूस खेड्यातल्या म्हाताऱ्याजवळ बसून पाखराचं नाव विचारतो आणि वहीत टिपतो, याचं आजाला फार अप्रूप होतं. २०२५ साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शाळांत भाषणं होतात, चित्रं काढतात. माझं म्हणणं एवढंच, की त्या आठवड्यात प्रत्येक मुलानं एका म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारावं: तुमच्या लहानपणी या पाण्यावर काय होतं? चितमपल्लींनी तेच केलं होतं.

विचारलं की सारसाची गोष्ट निघतेच. उडणाऱ्या पाखरांत सगळ्यात उंच, माणसाच्या खांद्याला लागेल असा. पावसाळ्यात भाताच्या बांधीत गवतकाड्यांचा ढीग रचून अंडी घालतो; त्या ढिगाखाली धान दबतं. आजीच्या माहेरी असं घरटं झालं की तेवढा तुकडा सोडून निंदण होई. तिचा बाप म्हणे, जोडी आली ते घर मोडू नये, मग दोन पायल्या धान गेलं तर गेलं. आज महाराष्ट्रात सारस म्हटलं की मुख्यतः गोंदिया जिल्हा आणि त्याला लागून थोडा भाग. संख्या पन्नासाच्याही आत. वैनगंगेपलीकडे बालाघाटात आणखी काही आहेत, आणि ते नदी ओलांडून येतात-जातात. विजेच्या तारा, शेतातली औषधं, बुजणारे तलाव, ही कारणं आता कुणाला नवी नाहीत. परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर उन्हाळ्यात ते पाण्यापाशी गोळा होतात. तिकडच्या शेतकऱ्यांनी घरटी राखण्याचं काम संस्थांच्या बरोबरीनं अंगावर घेतलं आहे. आजीच्या बापाला हे कळलं असतं तर त्याला त्यात काही विशेष वाटलं नसतं.

ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातले एक म्हातारबा मला पाण्याखालची बाजू सांगतात. त्यांच्या मते पाखरं कमी झाली त्याचं मूळ मासोळीत आहे. तलावांत बाहेरचं बियाणं सोडलं, त्यात गवत खाणारा मासाही आला, आणि त्यानं पाण्यातली वनस्पतीच फस्त केली. गाद गेली, कमळ गेलं, देवधान गेलं. मग गावठी मासोळीला अंडी घालायला जागा नाही, कमळपक्ष्याला चालायला पान नाही, पाणकोंबडीला लपायला आडोसा नाही. “वरून पाणी तेवढंच दिसते जी,” ते म्हणाले, “पण आत घर रिकामं हाये.” दुर्बीण लावून मी पृष्ठभागच पाहतो, हे त्यांच्याजवळ बसल्यावर फार जाणवतं. याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायकांनी काही तलावांतली बेशरमाची जाळी उपटून काढली, तळ मोकळा केला आणि पाणवनस्पती हातानं पुन्हा लावल्या. गावठी मासे परतले, मागोमाग पाखरंही. मला या कामाइतकं मोलाचं पक्षिकार्य दुसरं ठाऊक नाही, आणि ते करणाऱ्या बायांच्या हातात दुर्बीण नव्हती.

शेवटी मोह गळला. चैत्र लागून काही दिवस झाले होते. दोन दिवस वारा दक्षिणेचा फिरला, दुपारी अंगाला चटका बसला, आणि तिसऱ्या पहाटे राईत गोडसर, आंबूस वास पसरला. त्या सकाळी एवढं सगळं एकदम झालं की कुठं पाहावं कळेना. पावशा पहाटेच्या अंधारातच चढ्या सुरात सुरू झाला. कोकिळ बोलायला लागले ते थांबेचनात. हळद्या एका मोहावरून दुसऱ्यावर पिवळा पट्टा ओढत गेला. बुलबुल आणि साळुंक्या खाली पडलेल्या फुलांत उतरल्या होत्या, धनेश वर फांदीवरच फुलं चोचीत धरून मागे फेकल्यासारखी गिळत होते. लांबलेल्या वसंतात वाट पाहिलेलं सगळं एकाच आठवड्यात उरकून घेतलं जातं. बाया वाकून फुलं वेचत होत्या आणि मधूनमधून टाळ्या वाजवत होत्या. मोहाखाली अस्वल असतं, त्याला आपली चाहूल द्यावी लागते. मी वर पाहत चालतो म्हणून मामीनं मला दोनदा दटावलं.

त्यानंतर गावात निराळीच घाई सुरू झाली. गावच्या बोडीचा गाळ काढायचं यंदा ठरलं होतं. यंत्र चैत्रअखेर येणार होतं, पण थंडी लांबल्यानं बोडी आटायलाही उशीर झाला. आणि एवढ्यात उत्तरेच्या पाळीला, जिथं माती खरवडून पाळ रुंद करायची होती, तिथं वेड्या राघूंनी बिळं पाडायला सुरुवात केली. हे राघू मातीच्या उभ्या कडेत हातभर आडवं बीळ खणून आत अंडी घालतात. मी ग्रामसभेत तसं सांगितलं. दोघांना ते पटलं, बाकीच्यांना पावसाआधी काम उरकायची काळजी होती, आणि ती काळजी खरी होती. पाळ कच्ची राहिली तर खालच्या बांध्या वाहून जातील.

आजीला कुणी बोलावलं नव्हतं. ती काठी टेकत आली आणि बसल्या जागेवरून म्हणाली, “आमच्या वेळी पयले मधातला गाळ काढत. पाळीले हात सगळ्यात शेवटी. तवापर्यंत राघूचे पिल्लं उडून जात.”

तळाचा गाळ आधी काढायचा असं ठरलं. बंड्या आता राहिल्या नाहीत, ट्रॅक्टर लागले. ज्याला हवा त्यानं स्वखर्चानं गाळ शेतात न्यावा. दक्षिणेकडून उतार करून द्यावा. उत्तरेची पाळ जूनच्या पहिल्या आठवड्यात धरायची, आणि ती पावसाआधी पुरी व्हावी म्हणून घरटी एक माणूस द्यायचा. नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव मामाचं पडलं, दुसरं त्या ढिवर म्हातारबांच्या नातवाचं.